बोलण्यापुरती जागा

दादासो मारकड दारू प्यायला लागलाय, ही बातमी कारखान्यात आधी पसरली. तो आजारी आहे हे कळायला आणखी चार-पाच महिने गेले. जीभ जड झाली होती. फोनवर बॉयलर हाउसला आकडे सांगताना सत्तर म्हणाला की सत्याहत्तर, हे पलीकडच्याला कळेना. चालताना डावा पाय ओढायचा. इन्स्ट्रुमेंट विभागाच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची अगदी जवळ ओढायला लावली आणि तोंडाला वास येतो का ते पाहिलं. सणसरला घरी येऊन त्यानं हे योगिनीला, बायकोला, हसत सांगितलं. तेव्हा त्याला हसता येत होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी दंडात आणि मांडीत सुया टोचून तपासणी केली. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून वाळत चालल्यात, असं ते म्हणाले. कशामुळं, ते माहीत नाही. औषध नाही. "डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील," असंही म्हणाले, आणि ते दिलासा दिल्यासारखं म्हणाले. परतीच्या एस.टी.त योगिनी खिडकीकडं तोंड करून बसली. दादासोनं तिच्या पदराच्या टोकाला बोटानं गुंडाळी घालत इंदापूर रस्त्याच्या फाट्यापर्यंत प्रवास केला.

घरात माणसं चार. दादासो, योगिनी, चौथीत जाणारी स्वप्नाली आणि दादासोची आई धोंडाबाई. धोंडाबाईची निम्मी जिंदगी मेंढरांमागं चालण्यात गेली होती. दिवाळी झाली की कोकण, पाऊस जवळ आला की परत. दादासो डिप्लोमा करून कारखान्यात चिकटला त्या वर्षी शेवटचा कळप विकला. तिला अक्षर येत नव्हतं. पण लेकराचं बोलणं घरात सगळ्यांत शेवटपर्यंत तिलाच समजत होतं. घशातून नुसता घरघराट निघायचा आणि ती आतून म्हणायची, "पानी मागतुया. दे गं."

मग एक दिवस तिलाही समजेना. दादासो चार वेळा काहीतरी म्हणाला, ती चार वेळा "काय रं बाळा?" म्हणाली, आणि शेवटी पदरात तोंड घालून रडायला लागली. दादासोनं फळीवरचा कॅल्क्युलेटर खुणेनं मागितला.

हा कॅल्क्युलेटर साधा नव्हता. कारखान्यात नवं कंट्रोल पॅनेल बसवायला आलेल्या एका इंजिनिअरनं अमेरिकेतून आणलेला, जाताना दादासोला देऊन टाकलेला. पन्नासेक बटणं, मोठा पडदा. गणिताचा आलेख काढायचा, प्रोग्रॅम लिहून ठेवला तर त्याप्रमाणे चालायचा, आणि त्यात इंग्रजी अक्षरंही लिहिता यायची. दादासोनं एका बोटानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं आणि पडदा योगिनीकडं वळवला.

"आईला सांग, पाठ खाजवायची हाय."

योगिनीनं वाचून दाखवलं. धोंडाबाई रडता रडता हसली आणि मुलाची पाठ खाजवायला बसली.

त्या दिवसापासून तो कॅल्क्युलेटर दादासोचं तोंड झाला. स्वप्नालीला शाळेत अजून इंग्रजी नव्हतं, ते पाचवीत सुरू होणार होतं. पण बाप काय म्हणतो ते कळावं म्हणून ती दोन आठवड्यांत अक्षरं शिकली. एकेक अक्षर बोट लावून जुळवायची आणि मोठ्यानं आजीला सांगायची. आजी उत्तर तिलाच द्यायची, "तुज्या बापाला सांग, गूळ संपलाय."

"आजी, त्यांना ऐकू येतंय!"

"व्हय गं. इसरलेच."

पण बोटंही जाणार, हे दादासोला माहीत होतं. आधी डावा हात गेला. उजव्याची करंगळी आणि अनामिका वाकली. त्यानं हिशेब केला तो असा: एक दिवस असा येईल की अक्षर शोधून दाबायला बोट उरणार नाही. फार तर एखादं बोट हलेल, तेही जागच्या जागी. तेवढ्यावर बोलता आलं पाहिजे.

म्हणून त्यानं प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर आधी विषय एकामागून एक सरकायचे: अंग, जेवण, घर, माणसं. हवा तो विषय आला की कुठलंही एक बटण दाबायचं. मग त्या विषयातली वाक्यं तशीच सरकायची. हवं ते आलं की पुन्हा बटण. वाक्य मोठ्या अक्षरांत थांबायचं आणि बारीक शिट्टी वाजायची. बटण एकच, पण वाक्यं मात्र आधीच भरून ठेवलेली पाहिजेत, कारण एकेक अक्षर असं निवडत बसलं तर एका वाक्यातच बोट थकून जाईल. म्हणजे यापुढं जन्मात जे जे बोलावं लागेल ते सगळं, बोटं चालतायत तोवर, आत्ताच बोलून ठेवायचं.

तो रोज सकाळपासून लिहायला बसायचा. छातीशी उशी, तिच्यावर कॅल्क्युलेटर. "कूस बदला", "उजेड डोळ्यावर येतोय", "भात गरम हाय" ही वाक्यं योगिनीला त्यानं दाखवली. बाकीची दाखवेना. ती मागं जाऊन उभी राहिली तर पडदा रिकामा करायचा आणि लिहायचा, "जा."

"माझ्यापासून कसली चोरी?" ती म्हणाली.

त्यानं बराच वेळ लावून लिहिलं, "आधी वाचलंस तर ते बोलून झालं. मग येळ आल्यावर काय बोलू?"

"मी एका वहीत उतरवून ठेवते. काही झालं तर असावं."

"न्हाय. तुला कळलेलं मी सांगायचं, त्याला बोलणं म्हणत न्हायत."

तिला पटलं. ते तिनं मनापासून पाळलं. सेल बदलताना, पुसताना, कधी तो झोपला असताना कॅल्क्युलेटर तिच्या हातात असायचा. तिनं एकदाही आतलं उघडून पाहिलं नाही.

ऊस गाळप सुरू झाल्यावरच्या दिवसांत एकदा ती आत आली तर तो पडद्याकडं नुसता पाहत बसलेला. मेमरी भरली, असं पडद्यावर इंग्रजीत आलं होतं. एकूण जागाच बत्तीस किलोबाइट. त्यात प्रोग्रॅम, वाक्यं, सगळं. नवं काही लिहायचं तर जुनं पुसायला हवं.

दुपारपर्यंत त्यानं पुसायचं काम केलं. योगिनीनं विचारलं, "काय काढलं?"

"तुझ्या माहेरच्यांना नावं ठेवलेली. तीन वाक्यं."

ती हसली. मग म्हणाली, "ती ठेवा की हो. भांडायला नको का तुम्हाला?"

दादासोनं लिहिलं, "जागा कमी हाय." थोड्या वेळानं खाली आणखी लिहिलं, "स्वप्नालीच्या लग्नाचं लिहायचं राहिलंय."

ती चुलीकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऋषिराज भेटायला आला. ऋषिराज दादासोच्या हाताखाली काम शिकलेला मुलगा, आता त्याच्याच जागेवर बसत होता. दादासोनं त्याच्यासाठी निरोप लिहून ठेवला होता. पुण्याला बुधवार पेठेतून मेमरीच्या दोन चिप आण. नंबर हा. घड्याळात असतो तसा बटणाएवढा सेल एक, बारीक वायर, चिप बसवायला छोटी पट्टी. कॅल्क्युलेटरच्या आत जागा नाही, चिप बाहेरून लावू.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला ऋषिराज घेऊन आला. कागदाच्या पुडीत दोन काळ्या चिप, दोन्ही बाजूंनी पाय फुटलेल्या, गोमेसारख्या.

"साहेब, मी हे वर्कशॉपला नेतो. एका दिवसात लावून आणतो."

"घराबाहेर न्यायचा न्हाय," दादासोनं लिहिलं. "योगिनी लावंल."

"मी?" योगिनी म्हणाली. ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. त्यापलीकडं तारेला कधी हात लावला नव्हता.

"तू दोऱ्याला जशी गाठ मारतेस ती बघितलीय मी. याचा हात केबलीचा हाय, जाड."

ऋषिराज ओशाळून हसला.

चिप लावायचं काम पुढच्या सुट्टीवर ठेवलं. सगळ्या पायऱ्या दादासोनं आदल्या दिवशी लिहून तिला कॅलेंडरच्या पाठीमागं उतरवून घ्यायला लावल्या. प्रोग्रॅमही त्याच्याशेजारी उतरवून घेतला. प्रोग्रॅम पुसला गेला तर चालणार नव्हतं. जुन्या पत्र्याच्या तुकड्यांवर सोल्डरिंगचा सराव करून घेतला. तार तापवायची, मग सोल्डर लावायचं. सोल्डर तापवून तारेवर टाकायचं नाही. टाका चकचकीत दिसला पाहिजे. भुरा दिसला तर कच्चा.

सकाळी अंगणात ऊन आल्यावर बसले. कॅल्क्युलेटर उघडायच्या आधी बाहेरून दुसरे सेल चिमट्यांनी जोडले, कारण आतल्या मेमरीची वीज काही मिनिटं जरी तुटली तरी लिहिलेलं सगळं जाणार होतं. ते दोन चिमटे ऋषिराजनं दोन्ही हातांनी धरून ठेवले. दादासो खाटेवर उशांच्या आधारानं, अगदी जवळ. ठरलं होतं की एकदा पापणी मिटली तर बरोबर, दोनदा तर थांब.

मागचं झाकण निघालं आणि योगिनीच्या लक्षात आलं की आता या घटकेला दादासोला काही म्हणायचं असेल तर म्हणता येणार नाही. त्याचं तोंड तिच्या मांडीवर उघडं पडलं होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं एकदा पापणी मिटली.

एकेक पाय, एकेक तार. सोल्डरचा धूर डोळ्यांत जायचा. धोंडाबाई लांबून म्हणाली, "जपून गं माजी बाय, त्येला लागंल." ती कॅल्क्युलेटरबद्दल बोलत होती की मुलाबद्दल, कुणी विचारलं नाही. ऊन भिंतीवर चढलं. शेवटी छोट्या सेलची तार राहिली. मोठे सेल संपले तरी हा छोटा सेल मेमरी सांभाळणार होता. योगिनीची मान भरून आली होती, बोटं थरथरायला लागली होती. तिनं टाका मारला. दादासोच्या डोळ्यावर घाम उतरला होता, तो त्यानं पापणी मिटून झटकला, आणि तिनं ते होय समजलं.

पट्टी कॅल्क्युलेटरच्या पाठीला चिकटवली. सुरू केला. जुनी वाक्यं जागेवर होती आणि मेमरी कितीतरी पटीनं वाढलेली. ऋषिराज ओरडला, "वहिनी, झालं!" स्वप्नाली अंगणभर उड्या मारायला लागली. दादासोनं हळूहळू लिहिलं, "आता तुझ्या माहेरच्यांना बघतो."

त्यानंतरचे दोन-तीन महिने घरात इतकं बोलणं झालं की येणारे जाणारे थक्क व्हायचे. बोटं रोज थोडी थोडी जात होती, तरी दादासो भरत होता. आणि भरलेली वाक्यं अशी नेमकी निघायची की अंगावर काटा यायचा. लासुर्ण्याहून चुलतभाऊ अंगारा घेऊन आला. तो पुडी सोडायला लागला तेवढ्यात शिट्टी वाजली. स्वप्नालीनं वाचलं, "अंगारा लावा, पण आधी चहा घ्या. गुण चहाचा म्हणायचा का अंगाऱ्याचा, ते मग ठरवू." चुलतभाऊ हसून हसून खोकायला लागला. हे कधीचं लिहून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

एकदा योगिनीचा ताबा सुटला. रात्रंदिवस कूस बदलणं, भरवणं, धुणं. दुधाचं पातेलं उतू गेलं आणि तिनं ते उचलून भिंतीवर आपटलं. मग सावकाश विषय सरकले, वाक्यं सरकली, शिट्टी वाजली. ती डोळे पुसत गेली. पडद्यावर होतं, "आपट. भांडी कारखान्यानं दिवाळीला दिलेलीच हायत." ती खाटेच्या कडेला बसून त्याच्या छातीवर डोकं टेकून हसली आणि रडली. आपण एक दिवस असं करणार हे यानं आधीच ओळखलं होतं, त्याबद्दल न चिडता एक वाक्य ठेवलं होतं, हे तिला कितीतरी दिवस पुरलं.

स्वप्नाली स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसली होती. दादासोनं तिला लिहून सांगितलं, "निकाल लागला की पळत माझ्याकडं ये. पास झालीस तर काय म्हणायचं ते लिहून ठेवलंय."

"आणि नापास झाले तर?"

"ते पण."

ती दोन दिवस पाठीमागं लागली, दाखवा म्हणून. त्यानं दाखवलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला ताप भरला. छातीत कफ साठला आणि तो काढायची ताकद राहिली नव्हती. ऋषिराजनं जीप आणली. बारामतीच्या दवाखान्यात नाकातून नळी घातली, ऑक्सिजन लावला. कॅल्क्युलेटर कापडी पिशवीत होता, थर्मास आणि एक्स-रेच्या पाकिटाबरोबर. पिशवी खाटेच्या दांड्याला लटकत होती. कधी खाली ठेवली जायची, कधी कुणाचा पाय लागायचा. त्या दिवसांत बोलायचा प्रश्नच नव्हता. श्वास येतो की जातो एवढंच सगळे बघत होते.

तो वाचला. सणसरला परत आणला तेव्हा अंगात फक्त उजवा अंगठा हलत होता, तोही नखाएवढा. घरात आल्यावर त्याचे डोळे पिशवीवर खिळले.

योगिनीनं कॅल्क्युलेटर काढला, सुरू केला. पडदा उजळला नाही. मोठे सेल संपले होते. पिशवीत कुठलंतरी बटण दाबलं गेलं असणार. तिला काळजी वाटली नाही. छोटा सेल होता ना. स्वप्नालीला पाठवून दुकानातून नवे सेल आणवले, घातले, बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. मेमरी परत मिळवायचा प्रयत्न करू का? होय की नाही?

तिनं होय दाबलं. पडदा थोडा वेळ थरथरला. मग मेमरी रिकामी असल्याचं आलं, आणि मग काहीच नाही. विषय नाहीत, वाक्यं नाहीत. दुकानातून आजच आणल्यासारखा तो कोरा करकरीत.

"जरा थांबा," ती म्हणाली. "सेल नीट बसले नाहीत." ती परसात गेली, तिथं बसून सेल काढले, घातले, काढले, घातले. परत आली तेव्हा तिला काही सांगावं लागलं नाही. दादासो तिच्या चेहऱ्याकडं पाहत होता. त्याचा स्वतःचा चेहरा आता हलत नव्हता, त्यामुळं त्यावर काय आहे ते दिसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी मात्र कानाकडं उतरत गेलं आणि ते पुसायला ती पुढं झाली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

ऋषिराज आला. त्यानं पाठीमागची पट्टी पाहिली. छोट्या सेलची तार बोट लावताच सुटून आली.

"टाका कच्चा होता का?" योगिनीनं विचारलं.

"वहिनी, जीपमध्ये हिसके बसले असतील. दवाखान्यात..."

"कच्चा होता का, एवढंच सांगा."

ऋषिराजनं तार उलटी करून पाहिली. टोकावरचं सोल्डर भुरं होतं. त्यानं मान खाली घातली आणि पट्टी पुन्हा जोडून देतो म्हणाला. त्यानं जोडून दिली. टाका चकचकीत आला.

प्रोग्रॅम कॅलेंडरच्या मागं उतरवलेला होता. योगिनीनं तो बघून बघून परत भरला. मग वाक्यं भरायला बसली. कूस बदला. उजेड येतोय. भात गरम हाय. ही आठवली. वापरून झालेलीही आठवली. अंगाऱ्याचं घातलं, भांड्याचं घातलं. पण ती आता घातली काय न घातली काय, ती बोलून झालेली होती. खरी गेली होती ती न बोललेली. ती किती होती, कुणासाठी होती, कुठल्या दिवसासाठी होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. मग त्याला काय म्हणावंसं वाटेल याचा विचार करून ती आपल्या मनानं लिहायला लागली. आईसाठी एक. ऋषिराजसाठी एक. स्वतःसाठी लिहायला गेली आणि हात थांबला.

दादासोच्या अंगठ्याखाली बटण ठेवलं की ओळी सरकायच्या. तो कूस बदलायचं दाबायचा, पाण्याचं दाबायचा. बाकीच्या ओळी येत आणि जात.

स्वप्नालीला यातलं काही सांगितलं नव्हतं. पोर परीक्षेच्या निकालाकडं डोळे लावून बसली होती, सांगवलं नाही. कॅल्क्युलेटर बिघडला होता, ऋषिराजकाकांनी नीट केला, एवढंच तिला माहीत.

जूनमध्ये निकाल लागला. शाळेतून ती खरोखर पळत आली. चपला कुठं, दप्तर कुठं. "पप्पा! यादीत नाव हाय!"

धोंडाबाईनं तिच्यावरून बोटं मोडली. स्वप्नाली खाटेजवळ जाऊन पडद्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागं बांधून, धापा टाकत. योगिनीनं बटण दादासोच्या अंगठ्याखाली सरकवलं. विषय सरकले. माणसं आलं, अंगठा हलला. वाक्यं सुरू झाली. आणि ते वाक्य आलं, योगिनीनं घातलेलं. "शाब्बास स्वप्नाली. मला तुझा अभिमान वाटतो."

अंगठा हलला नाही. वाक्य सरकून गेलं.

यादी संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. वाक्य पुन्हा आलं. दादासो पडद्याकडं पाहत नव्हता. तो मुलीकडं पाहत होता. वाक्य पुन्हा गेलं.

"पप्पा, दाबा की," स्वप्नाली म्हणाली.

तिसऱ्यांदा आलं तेव्हा योगिनीनं अंगठ्याशेजारून बोट घालून बटण दाबलं. शिट्टी वाजली. वाक्य मोठ्या अक्षरांत थांबलं. स्वप्नालीनं ते मनात वाचलं, आजीलाही सांगितलं नाही. मग आईच्या हाताकडं पाहिलं.

"आई, तू दाबलंस."

"अगं, त्यांचा अंगठा दुखतोय म्हणून..."

"आणि हे पप्पांचं न्हायच. पप्पा असं बोलत न्हायत."

ती बाहेर गेली. धोंडाबाई विचारत राहिली, "काय म्हनला गं त्यो? काय म्हनला?"

दुपारी योगिनीनं स्वप्नालीची पाटी आणली, तिच्यावर सगळी मुळाक्षरं लिहिली आणि दादासोसमोर धरली. "मी बोट फिरवते. हवं त्या अक्षराला पापणी मिटा. तिच्यासाठी काय लिहिलं होतं ते सांगा. कितीही वेळ लागू दे, मी बसते."

तिनं बोट फिरवलं. पापणी आता नीट मिटायचीही नाही, अर्धीच खाली यायची, आणि ती थकून आली की हवी म्हणून आली, हे ओळखावं लागायचं. आ झालं. ठ झालं. व झालं. त झालं. मग न. योगिनीला शब्द कळला होता तरी ती पुढं फिरवत राहिली, कदाचित पुढं दुसरंच काही निघेल म्हणून. निघालं नाही. आठवत नाही, एवढंच.

"खरंच आठवत नाही? की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय?"

त्यानं डोळे उघडेच ठेवले. तिनं पुन्हा विचारलं नाही. भरून ठेवायचं म्हणजे लक्षात ठेवायचं काम डोक्यावरून उतरवून ठेवायचं, हे तिलाही कळत होतं. आणि खोटं असेल तरी ते आता शोधायचं कसं?

त्या संध्याकाळी तिनं आपल्या मनानं घातलेली सगळी वाक्यं काढून टाकली. उरली दहा-बारा. पाणी, कूस, उजेड, ऊन. मेमरीत आता इतकी जागा होती की दादासोनं आणखी दोन जन्म बोलून ठेवलं असतं तरी भरली नसती.

गणपती बसायच्या आधी दादासो गेला. सकाळी धोंडाबाई त्याचं तोंड पुसत होती, ती म्हणाली, "गार का लागतुया ह्यो?"

दहावा झाला. पाहुणे गेले. खाट अंगणात काढून उन्हात टाकली होती आणि योगिनी गादीची खोळ उसवत होती. स्वप्नाली शेजारी येऊन उभी राहिली.

"आई, पप्पांनी माझ्यासाठी काय लिहिलं होतं?"

"मला ठाऊक नाही गं."

"पास झाल्यावरचं?"

"ते पण नाही."

"लग्नातलं? तुला म्हणाले होते ना, लग्नातलं लिहायचंय. ते लिहिलं होतं का?"

"लिहिलं असंल. बघितलं नाही मी."

"एकपण न्हाय बघितलं? तुझ्या हातात असायचा की."

"त्यांनी नको म्हटलं होतं, बाळा."

स्वप्नाली तिच्याकडं बघत राहिली. ते बघणं दहा वर्षांच्या मुलीचं नव्हतं.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "तरीपण बघायचंस. चोरून बघायचंस."

योगिनीच्या हातातली कात्री तशीच राहिली. तुझ्या बापाचा शब्द पाळला, हे सांगण्यासारखं होतं, पण ते तोंडातून निघेना. मग स्वप्नाली वळली आणि आजी हाक मारत होती तिकडं न जाता, पाठीमागं न बघता, रस्त्याकडं चालायला लागली.